शाळा समितीचं इतिवृत्त पालकांना बघता येतं का? येतं, आणि सुरुवात तिथूनच करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिच्या दोन जुन्या खोल्या पाडायच्या ठरल्या आहेत आणि नव्या होईपर्यंत मुलं समाजमंदिरात बसणार आहेत, हे तुम्हाला बाजाराच्या दिवशी टपरीवर कळलं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा कधी झाली, कुणाला माहीत नाही. समितीचे अध्यक्ष सरपंचांचे पुतणे, आणि त्यांचं स्वतःचं मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. मुख्याध्यापक म्हणतात, इतिवृत्त (सभेत काय झालं, काय ठरलं याची लेखी नोंद) बाहेरच्यांना दाखवता येत नाही. आता पालकांनी काय करायचं?

मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होतो. शाळा तपासणीला गेलो की हजेरी, पोषण आहाराची साठा नोंदवही आणि समितीचं इतिवृत्त हे तीन कागद आधी मागायचो. त्यामुळे तुमच्या गावात काय घडलं असेल याचा अंदाज मला बसल्या जागी येतो.

आधी ते ‘बाहेरचे’ प्रकरण मिटवू. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या राज्याने जून २०१० च्या शासन निर्णयाने सदस्यसंख्या १२ ते १६ ठरवली. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव, मुदत दोन वर्षं आणि महिन्यातून किमान एक सभा. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक, एक स्थानिक शिक्षणप्रेमी वगैरे. म्हणजे ही समिती तुम्हीच निवडून दिलेली असायला हवी. ज्याने निवडून दिलं त्यालाच बाहेरचा म्हणायची सोय कायद्यात नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर सभेचं इतिवृत्त नीट लिहून लोकांना उपलब्ध करून द्यावं असं सरळ म्हटलंय. ते आपल्या जिल्हा परिषदेला लागू होत नाहीत असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. शासकीय शाळेचं दप्तर माहिती अधिकाराखाली येतंच, तेवढं पुरे.

तुमची शाळा खाजगी अनुदानित असती तर मात्र उत्तर बदललं असतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देते. जिल्हा परिषद शाळेत समितीला दात आहेत: शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या पैशाच्या खर्चावर लक्ष ठेवणं. तीस ते शंभर पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून साधारण पंचवीस हजारांचं संयुक्त शाळा अनुदान मंजूर होतं, शंभराच्या वर अडीचशेपर्यंत पन्नास हजार. रक्कम काही फार नाही, पण त्यावर अध्यक्षाची सही लागते. गावात या खुर्चीसाठी ओढाताण होते त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीस कोण असावी यात समितीचा शब्द चालतो. आणि तिसरं, हे पद म्हणजे ग्रामपंचायतीच्या पुढच्या निवडणुकीची रंगीत तालीम.

आता मुद्द्याचं. गावकऱ्यांना वाटतं की निर्णय सभेत होतो, म्हणून ते सभेत घुसून बोलायची तयारी करतात. माझ्या बघण्यात निर्णय सभेत क्वचितच होतो. तो सभेच्या नोटिशीत होतो, नाहीतर सभा संपल्यावर इतिवृत्तात होतो. तुम्हाला लक्ष याच दोन कागदांवर ठेवायचं आहे.

इतिवृत्त वही हातात आली की ती कशी वाचायची ते सांगतो. पहिला विषय कायम एकच असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. मग पोषण आहार, मुलांची उपस्थिती, एखादी जयंती. आणि सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. बोट तिथे ठेवा. गावातला जो विषय लोकांपासून लपवायचा असतो तो नोटिशीवर कधीच नसतो, तो ऐनवेळी येतो. ‘शाळेच्या खोली क्र. ३ व ४ मोडकळीस आल्या असून त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सादर करणेबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ निर्लेखन म्हणजे खोली दप्तरातून कमी करून पाडणं. अशा तीन ओळींत तुमच्या दोन खोल्या गेलेल्या असतात. सविस्तर चर्चा असं लिहिलेल्या विषयावर चर्चा झालेली मी फार कमी पाहिली.

मग सह्यांकडे बघा. सदस्यांची नावं आधीच एका हाताने ओळीने लिहिलेली आणि समोर सह्या, इथवर ठीक. पण महिनोन्‌महिने सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाच्या असतील, किंवा चार सभा लागोपाठ लिहिल्यासारखं एकसारखं अक्षर असेल, तर वही सभेत न लिहिता सभेनंतर, कधीकधी तपासणीच्या आदल्या दिवशी लिहिलेली असते. प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. त्यामुळे वही सहावी-सातवीतल्या पोरांच्या हातून घरोघरी फिरते आणि आई भाकरी थापता थापता सही करते. सूचक म्हणून जिचं नाव आहे त्या बाईला जाऊन विचारा, काय सुचवलं होतं? दहातल्या नऊ वेळा तिला विषयच माहीत नसतो. यात तिची चूक नाही. सभा सकाळी अकराला ठेवायची आणि ती खुरपणीला गेली की ‘महिला येतच नाहीत’ म्हणायचं, ही जुनी खोड आहे. कुठे कुठे तिचा नवरा येऊन बसतो आणि सही तिची होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर किंवा संध्याकाळी दिवेलागणीला सभा ठेवा अशी लेखी मागणी करा. बाकी काही न करता एवढ्यानेही समितीची तऱ्हा बदललेली मी बघितली आहे.

मुख्याध्यापकांबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसतो. बहुतेक ठिकाणी ते प्रभारी असतात. स्वतःकडे एक-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहित्या, पोषण आहार, बैठका. सरपंचांशी वैर घेतलं तर शाळेचं वीजबिल नि पाणी अडतं, पालकांशी घेतलं तर पट कमी होतो. ते तुमचे शत्रू नाहीत. पण इतिवृत्ताचे सचिव तेच आहेत आणि त्यात खोटं लिहिलं गेलं तर जबाबदारी त्यांचीच. ही गोष्ट त्यांना शांतपणे कळली की वही दाखवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

खोल्या पाडण्याचा कागद फक्त समितीपाशी थांबत नाही. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव जातो, बांधकाम विभागाचा अभियंता पाहणी अहवाल देतो, गटशिक्षणाधिकारी (तालुक्याचे शिक्षण अधिकारी) शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा परिषदेची लागते. तेव्हा समितीने ठराव केला म्हणजे उद्या जेसीबी येणार असं नाही. तुम्हाला वेळ आहे. पाहणी अहवाल मिळवा. खोली खरोखर धोकादायक असेल तर ती पाडलीच पाहिजे, पावसाळ्यात तिथे मुलं बसवणं हा गुन्हाच आहे, आणि मग तुमचं भांडण पाडण्याशी नसून मुलं कुठे आणि किती दिवस बसणार याच्याशी आहे. कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी मागितलंय. समाजमंदिरात यातलं काय आहे ते लिहून विचारा. नव्या खोल्या कोणत्या योजनेतून, मंजुरी मिळाली आहे की नुसता प्रस्ताव आहे, हेही विचारा. पाडायची मंजुरी लवकर येते आणि बांधायची रेंगाळते, हा राज्यभरचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. जुन्या शाळांच्या खोल्यांना सागवानी वासे, मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी असते. हा माल लिलावात जातो. लिलाव कधी, कुठे जाहीर झाला, सरकारी मूल्यांकन किती, बोली किती जणांनी लावली, पैसे कुठे भरले? खोल्या एवढ्या घाईने का पाडायच्या आहेत याचं उत्तर पुष्कळदा त्या वाशांत असतं. आरोप करू नका, नुसती कागदपत्रं मागा.

अध्यक्षांच्या मुलाचा मुद्दा तुम्ही सगळ्यात मोठा मानला आहे, पण तो जपून वापरा. अध्यक्ष पालक हवा हे खरं. पण कायद्यात पालकाची व्याख्या आई-वडिलांपुरती नाही. मूल ज्याच्या देखभालीत आणि ताब्यात आहे तोही पालक धरला जातो. गावचे हुशार लोक भावाच्या पोराचे पालक म्हणून नाव लावतात. म्हणून आधी शाळेच्या जनरल रजिस्टरला (मुलांच्या दाखल्यांची नोंदवही) कोणत्या मुलासमोर पालक म्हणून त्यांचं नाव आहे ते बघा, आणि तो मुलगा खरंच त्यांच्या घरी राहतो का. नाव कुठेच नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा की केंद्रप्रमुखांच्या उपस्थितीत पालकसभा घेऊन समितीचं पुनर्गठन व्हावं. समितीची दोन वर्षांची मुदत संपलेली असेल (तपासा, पुष्कळदा संपलेली असते) तर बाकी वादात पडायचं कारणच नाही. पुनर्गठनाच्या पालकसभेला मात्र शंभर टक्के माणसं आणा. ‘बिनविरोध निवड’ ही बातमी वर्तमानपत्रात छान दिसते, पण बिनविरोधचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच की त्या दिवशी दहा पालक आले होते.

या राजकारणाला नवं समजू नका. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या तेव्हापासून ‘स्कूल बोर्ड’ हा आपल्याकडे राजकारणाचा आखाडा आहे. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या बोर्डाच्या हातात, त्यामुळे बोर्डावर निवडून यायला चढाओढ. १९४७ च्या कायद्याने ती रचना नव्याने बांधली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत शिक्षण मंडळं राहिली, ती बंद करायचं राज्याने २०१३ मध्ये ठरवलं. प्रत्येक वेळी सांगितलेलं कारण एकच होतं, शिक्षणातलं राजकारण काढायचं. राजकारण काही निघालं नाही, फक्त बसायची जागा बदलली. शिक्षक बदल्या ऑनलाइन झाल्यापासून गावपुढाऱ्याचा त्यातला हात बराच आखडला हे मी मान्य करतो. पण त्याचबरोबर शिक्षक का मिळत नाही हे विचारायला गावात माणूसच उरला नाही.

आणि मधली काही वर्षं तर आणखी वाईट गेली. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या आणि प्रशासक बसले. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीची सभा, तिथे विरोधी गटाच्या सदस्याने विचारलेला बोचरा प्रश्न, त्याची दुसऱ्या दिवशीची बातमी, हे सगळं थांबलं. निर्णय झाले, पण फायलीत. खोल्यांचं निर्लेखन असो की कमी पटाच्या शाळांचं समायोजन, सदस्यांसमोर न येता पुढे सरकू लागलं. तुमचा प्रस्ताव त्या काळातला असेल तर मंजुरीच्या टिप्पणीची प्रत जरूर मागा.

समितीकडून काय मागायचं नाही हेही कळायला हवं. शिक्षकांची पदं संच मान्यतेने ठरतात, ती पटावर आणि शासनाच्या निकषांवर. मार्च २०२४ च्या निकषांनी सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांवर गदा आली, त्यात तुमचा अध्यक्ष काही करू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची समूह शाळा करायचा विचार पुढे आला, तोही वरून. अशा गोष्टींसाठी मुख्याध्यापकांच्या दारात उपोषणाला बसणं म्हणजे पोस्टमनवर रागावणं. त्या जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला, आयुक्तालयाला विचारायच्या. पण तिथेही समितीचा ठराव जोडलेलं पत्र आणि चार पालकांच्या सह्यांचं पत्र यांत फरक पडतो.

आता प्रत्यक्ष करायचं काय.

उद्या मुख्याध्यापकांना भेटा, दोन-तीन जण मिळून, आवाज न चढवता. साधं पत्र द्या: या शैक्षणिक वर्षातल्या सभांच्या नोटिसा आणि इतिवृत्त आम्हाला शाळेत बसून वाचायचं आहे, वार आणि वेळ कळवावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं समजा. आठवडाभरात काही झालं नाही तर पंचायत समितीत जा. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे आहेत. गटशिक्षण कार्यालयातल्या पुष्कळ कारकुनांना हे ठाऊक नसतं, तेव्हा निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

तरी अडलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द, म्हणून दोन वेगळे अर्ज करा, एक इतिवृत्ताचा, दुसरा निर्लेखनाचा. ‘खोल्या का पाडता?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नसतं, कागदाला असतं. असं लिहा: ‘शाळा व्यवस्थापन समितीच्या दि. अमुक ते दि. तमुक या काळातील सभांच्या नोटिसा, त्या मिळाल्याबाबत सदस्यांच्या सह्यांसह, आणि इतिवृत्त वहीच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती.’ तो ‘मिळाल्याबाबत सह्यांसह’ हा तुकडा विसरू नका. वही मागाहून लिहिता येते, पण दहा जणांना मागच्या तारखेची नोटीस मिळाल्याच्या सह्या जमवणं अवघड जातं. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर अपुरं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. शाळेच्या पातळीवरची प्रकरणं बहुधा तिथेच मिटतात, कारण अपिलाची सुनावणी लावायला लागली की वरिष्ठ खालच्याला फोन करतात, ‘अहो, देऊन टाका.’

समांतर एक काम करा. समितीत तुमच्या बाजूचा एखादा सदस्य असेलच. त्याला पुढच्या सभेत पहिल्याच विषयाला तोंड उघडायला सांगा. मागचं इतिवृत्त कायम करताना त्याने एवढंच म्हणायचं, ‘खोल्यांचा विषय नोटिशीत नव्हता, माझी हरकत नोंदवा.’ नोंदवत नसतील तर तेच लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. एका सदस्याची लेखी हरकत फायलीत असली की ‘सर्वानुमते’ हा शब्द उडतो, आणि तो शब्द उडाला की गटशिक्षणाधिकारी शिफारस करताना दोनदा विचार करतो.

ग्रामसभेत विषय न्यावा का? न्यावा, पण त्यावरच विसंबू नका, अध्यक्षस्थानी सरपंचच असतात. विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आधी लेखी द्या, नाहीतर तोही ऐनवेळचा होऊन बसेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिथे हा विषय जास्त चांगला उभा राहतो. समाजमंदिरात स्वच्छतागृह नाही हा प्रश्न आयाच नेमका विचारतात, आणि वित्त आयोगाच्या निधीतला पाणी-स्वच्छतेचा वाटा तिथे खर्च करायला सांगता येतो.

या सगळ्यातून काहीच हललं नाही तर कायद्याचं कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काबाबतची तक्रार लेखी जिल्हा परिषदेकडे द्यायची, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हा रस्ता लोक फारसा वापरत नाहीत. तक्रार समितीच्या राजकारणावर करू नका, मुलांना वर्गखोली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळत नाही यावर करा. राजकारणाच्या तक्रारी कार्यालयात ‘गटबाजी’ असा शेरा मारून बांधून ठेवतात.

शेवटी तुम्ही जे आडून विचारलंय ते: अर्ज केला तर पोराला त्रास होईल का? उघड त्रास बहुतेक शिक्षक देत नाहीत, पण ‘तुझ्या बापाला फार कायदा कळतो’ असं वर्गात बोललेलं मी ऐकलेलं आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला मूल त्याच शाळेत असावं लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. तो अर्ज ज्याची पोरं केव्हाच शाळा सोडून गेली आहेत अशा एखाद्या आजोबांच्या नावाने टाका. शाळेला द्यायच्या पत्रावर मात्र वीस-पंचवीस पालकांच्या सह्या घ्या, आणि पहिली सही ज्याचं मूल सातवीत आहे त्याची. वर्ष संपलं की ते मूल शाळेतून जाणारच आहे.